ठकीचं बाळंतपण

"सदतीसच्याही खाली," सासरे म्हणाले आणि थर्मामीटर पुसून त्यांनी सुनेच्या हातात दिला. "काल अडतीसच्या वर होता."

सुनेनं कॅलेंडरवर आकडा लिहिला. पारा एका अंशानं उतरला की दिवसभरात पिल्लं होणार, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. जुन्या चादरी अंथरलेल्या खोक्यात ठकी धापा टाकत पडली होती.

सासरे डोळ्याच्या ऑपरेशनला गेले तेव्हाच नेमकी ठकी नाहीशी झाली होती. सासूबाई गेल्यापासून म्हाताऱ्याचा सगळा जीव त्या कुत्रीत. घरी येऊन त्यांनी रिकामी जागा पाहिली आणि अन्नावरची वासनाच उडाली. घोटभर चहावर दिवस काढू लागले. आता हेही हातचे जातात की काय, या विचारानं सून हादरून गेली होती.

बाराव्या दिवशी नवऱ्यानं ठकीला कुठून तरी शोधून आणलं. गळ्यात पट्टा नव्हता, पोट मात्र दिसायला लागलं होतं.

"पाचवा आठवडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अहो, पण हरवून तर बाराच दिवस झालेत," सून म्हणाली.

"अंदाज असतो गं तो," नवरा घाईनं म्हणाला.  त्या दिवशी सासरे पोटभर जेवले.

ठकी बदलली होती. पूर्वी सासऱ्यांच्या पायाशी झोपायची, आता स्वयंपाकघराच्या दारात. हाक मारली तरी ढिम्म. पोटुशी कुत्री लहरी होते, तिच्या कलानं घ्या, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. सासऱ्यांनी ते मनावर घेतलं. दिवसातून चारदा थोडं थोडं खायला, जिना बंद, सकाळ-संध्याकाळ हळूहळू फिरणं. नावानं हाक मारणंही त्यांनी सोडून दिलं. "चला बाई," म्हणायचे.

"बाबा, एवढा मान?" सून चिडवायची.

"पाहुणी आहे," ते म्हणायचे.

उभा जन्म त्यांनी चामड्याच्या बॅगा शिवण्यात घालवला होता. ठकीचा हरवलेला पट्टाही त्यांनीच शिवला होता, लाल दोऱ्याचा दुहेरी टाका घालून. नवा शिवा म्हटलं, तर म्हणाले, "बाळंतपण होऊ दे."

नवराही बदलला होता. गाडी मागे घेताना तीनतीनदा उतरून बघायचा. सुनेला त्याचं कौतुक वाटायचं. फक्त एका गोष्टीवरून तो उखडायचा. दिवस भरत आले तशी ठकी परसात उकरायला लागली, तेही टाकीजवळच्या मऊ मातीतच.

"उकरू दे की. जागा शोधतेय बिचारी," सून म्हणाली.

"माझी रोपं आहेत तिथे," तो ओरडला. जन्मात कधी तुळशीला पाणी न घातलेल्या माणसाला आताच रोपांचा पुळका आला होता. त्यानं त्या जागेवर भलीमोठी कुंडी आणून ठेवली.

काल तो कामावर गेल्यावर ठकीनं कुंडीच्या कडेनं खोल उकरलं. सासरेच तिला आत घेऊन आले. मग सुनेकडून खुरपं मागून घेतलं, खड्डा नीट बुजवला आणि नळाखाली कितीतरी वेळ हात धूत बसले. रात्री जेवले नाहीत. बाळंतपणाची काळजी, सून समजली.

दुपारी तिसऱ्या प्रहरी पिल्लं झाली. एक्स-रेत तीन दिसली होती, तिन्ही आली. तिसरं मात्र निपचित. सासऱ्यांनी ते टॉवेलात धरून चोळायला सुरुवात केली.  ते चोळतच राहिले. अखेर बारीकसा चूं ऐकू आला. सुनेला रडू आवरेना.

नवरा आला तो थेट खोक्याशी. तिन्ही पिल्लं पाहून त्याचा चेहरा उजळला. "बाबा, जिंकलात तुम्ही. आता ठकीला नवा पट्टा हवा."

"आहे," सासरे म्हणाले. खिशातून त्यांनी फडक्याची घडी काढली आणि उलगडली. पट्टा होता. लाल दोऱ्याच्या टाक्यांत ओली माती भरलेली, बक्कल चाकाखाली यावं तसं चपटं झालेलं.

सून नवऱ्याकडे बघत राहिली. त्याच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता.

"घे," सासरे शांतपणे म्हणाले. "तुझ्या हातानं हिच्या गळ्यात घाल. आणि मग हिला ठकी म्हणून हाक मारून दाखव."