चाळीसचा ठेका

आदेशनं इलेक्ट्रॉनिक ड्रम, कीबोर्ड आणि लॅपटॉप एकमेकांना वायरीनं जोडून ठेवले होते. ड्रमला गती दिली की बाकी दोघं आपसूक तीच धरत. बटणावर बोटानं ठेका देऊन गती बसवायचं काम अर्पिताचं. पण तिची नजर मांडीवर झोपलेल्या समूवर होती आणि बोट नकळत लेकीच्या श्वासाबरोबर पडत गेलं. तिन्हींवरचे लाल दिवे मिनिटाला चाळीसच्या संथ गतीनं लुकलुकू लागले.

"आगं, शिनोलीला वरात हाय, बारसं न्हाई! वाढव की!" गाडीत स्पीकर चढवता चढवता आदेश हसला.

तिनं गती वाढवली. समूचा श्वासही वाढला. घाबरून तिनं गती पुन्हा चाळीसवर आणली, तशी ती इवलीशी छाती दिव्यांबरोबर निवांत हलू लागली.

"ऱ्हाऊ दे, तिथंच बघतो," म्हणत आदेश आत आला.

"अवं, बंद नका करू," ती म्हणेपर्यंत त्यानं खटाखट सगळं बंद केलं आणि उचलून नेलं.

दिव्यांबरोबर छातीही थांबली.

अर्पितानं हलकेच थोपटलं. समूनं एक श्वास घेतला. पुन्हा थोपटलं, पुन्हा एक.

बाहेर गाडी निघून गेली. दुपारचं ऊन सायीसारखं उंबऱ्यावर धरलं होतं. अर्पिताचा हात आता भरून येऊ लागला होता.