ज्याची नाळ त्याची लस

“कुपी मागच्या भिंतीला टेकू द्यायची नाही. लस गोठली की गेलीच समज,” असं आधीच्या नर्स कुमुदिनीताई निवृत्त होताना बजावून गेल्या होत्या. आज दवाखान्यातला फ्रीज उघडताच शालन नर्सना ते आठवलं. सत्यनारायणाच्या पंचामृताचं पातेलं कुणीतरी आत कोंबलं होतं आणि मागे रेटल्या गेलेल्या एका कुपीत बर्फ धरला होता.

“अहो मावशी, हे इथे?”

“देवाचं तीर्थ हो. उन्हात नासलं असतं,” आयाबाई वत्सलामावशी ओशाळल्या. मग हळूच म्हणाल्या, “वितळेल की! फ्रीजचा दिवा हिरवाच आहे. कोणाला कळणार?”

“मला कळलंय ना.”

लस टोचून घ्यायला आलेली बाकावरची रेणुका बाळाला घेऊन उठली. तिच्या वस्तीत तापाची साथ होती, शेजारचं मूल कालच गेलं होतं.

“बाई, मग दुसरी टोचा. एवढ्या आहेत की!”

“त्या इतर बाळांच्या नाळेपासून वाढवलेल्या आहेत गं. याला चालायच्या नाहीत. याच्या नाळेची एवढीच होती.”

“मग?”

“थोडी नाळ प्रयोगशाळेत राखलेली असते. नवी लस वाढायला पंधरवडा लागेल.”

“तोवर त्याच वस्तीत ठेवू याला?” रेणुकाचा आवाज चिरकला.

शालनताईंनी बाळाच्या कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता.

“नाही. लस टोचेपर्यंत हा त्या वस्तीत जाणार नाही. शब्द देते.”

त्यांनी गोठलेली कुपी बाद केली, रेणुकाची पिशवी उचलली आणि मायलेकरांना घेऊन त्या आपल्या घराकडे निघाल्या.