हिरवा खटका

कोल्ड स्टोरेजचं दार मागून बंद झालं आणि त्याची पाचावर धारण बसली. आतून कडी नव्हती, फक्त हिरवा खटका होता. कामाच्या पहिल्या दिवशी मुकादमाने त्यावर बोट ठेवून बरंच सांगितलं होतं. हा दाब म्हणाला, की हात लावू नकोस म्हणाला, देव जाणे. परका मुलूख, परकी भाषा. त्याने नुसतं हो हो केलं होतं. विमानतळावर बायकोने बजावलं होतं, "माझ्यासमोर डोलावता तशी तिथे नंदीबैलासारखी मान डोलावू नका. कळलं नाही तर विचारा." बोटं बधिर झाली, तसा तो मुठींनी दार बडवू लागला. धावत आलेल्या मुकादमाने दार उघडलं, खटक्याकडे बोट केलं, पुन्हा तेच सांगितलं आणि काहीतरी विचारलं. याची मान आपोआप डोलली. मुकादमाने समाधानाने पाठ थोपटली आणि दार बाहेरून लावून घेतलं.