दाराआडची भिंत
गणपतीआधी घर रंगवायचं म्हणून बाबांनी स्वतःच ब्रश हाती घेतला होता. वृषाली गावी कुंभिवलीला परतली ती नवा फोन घेऊन. जुना पाण्यात पडून बिघडला होता. प्रोग्रॅमिंगच्या ऑनलाइन स्पर्धेत कोडं सोडवून जिंकलेलं क्रिप्टोचलन बारा गुप्त शब्दांशिवाय नव्या फोनवर कधीच उघडणार नव्हतं. कागद हरवतात, म्हणून तिने शब्द दाराआडच्या भिंतीवर पेन्सिलने लिहिले होते. आता तिथे ओला पांढरा रंग होता. शेजारी लहानपणी तिची उंची मोजून मारलेल्या रेघांपुरता चौकोन मात्र बाबांनी अलगद सोडला होता. "बाबा, शब्द पुसलेत कशाला?" ती करवादली. "पॉलिश पेपरनं घासले. रंग नको धरायला?" "मग या रेघा कशा ठेवल्यात?" "त्या कुठं परत मिळतील गं?" बाबा समजुतीने म्हणाले. "हजारोंत पयली आलीस ना? बारा शब्द पाठ नाय तुला?"