टिकलीचा डावा पाय

"सुई आणलीय नव्हं?" गेनबानं विचारलं.

डॉक्टर सुनीती गाडीतून पुरती उतरलीही नव्हती. "आमच्याकडे आधी नमस्कार म्हणतात," ती म्हणाली. सदाशिव पेठेतून हिंजवडीपर्यंत येण्यात अर्धी सकाळ गेली होती, आणि जनावरांच्या डॉक्टरला यमदूत समजून केलेलं स्वागत तिला रुचलं नव्हतं. पण गोठ्यामागं खड्डा खरंच खणून तयार होता. ओल्या मातीत जेसीबीच्या दातांच्या खुणा होत्या.

खड्ड्याच्या पलीकडं कंपन्यांच्या काचेच्या इमारती होत्या. अलीकडं, गेनबाच्या विकायच्या राहिलेल्या तुकड्यात, टिकली उभी होती. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून टिकली. एकेकाळी बैलगाडा शर्यतीच्या घाटात गाड्यांच्या पुढं धावलेली घोडी, आता म्हातारी. तेव्हाही तिच्या पाठीवर गेनबाच असायचा आणि आता सत्तरी उलटल्यावरही रोज सकाळी तोच असायचा. परवा अचानक ती त्याच्याखाली लंगडायला लागली.

"डाव्या अंगाला खचती," गेनबा म्हणाला. "हिच्या आईला मी लंगडी असताना पावसाळाभर उभी ठिवली. पाय सडून मेली. तसं पुन्यांदा करायचं नाय. आजच मोकळी करा."

"मॅडम, प्लीज, एकदा नीट चेक करा ना," त्याची नात तनुजा हळूच म्हणाली. तिनं ऑफिसला सुट्टी टाकली होती. "आबा परवापासून कुणाचं ऐकतच नाहीयेत. शेजारी बसून बोललं तरी उत्तर देत नाहीत."

सुनीतीनं घोडीचा पाय मांडीवर घेतला. खूर गरम नव्हता. चिमट्यानं दाबून पाहिला, घोडी हलली नाही. खिळा नाही, खडा नाही, सूज नाही.

"आबा, नाल कधी ठोकले?"

गेनबा गप्प. तो समोरच बघत होता. सुनीती उठून त्याच्या उजव्या बाजूला आली आणि पुन्हा विचारलं.

"झाला की म्हैना," तो लगेच म्हणाला.

त्याचा उजवा गाल गुळगुळीत होता, डाव्यावर पांढरी खुंटं तशीच होती. घरातलं जनावर जायला निघालं की माणसाचं आरशाकडं कुठलं लक्ष, असं तिला वाटलं आणि त्याची कीव आली.

"कारण सापडल्याशिवाय मी सुई काढत नाही," ती म्हणाली. "खड्डा आयता मिळाला म्हणून कुणी मरत नसतं."

तनुजानं लगाम धरून टिकलीला चालवलं. घोडी सरळ चालली. डांबरी रस्त्यावर नेली, पळवली. तिथंही सरळ.

"रिकामी चांगलीच चालती," गेनबा म्हणाला. "वजन पडलं की खचती."

म्हाताऱ्या हाडाला बारीक चीर गेली तर असं होऊ शकतं, आणि तसं असेल तर त्याला औषध नाही. "बसा," ती म्हणाली.

ओट्यावरून, तनुजाचा खांदा धरून गेनबा चढला. घोडी निघाली आणि सुनीतीची उरलीसुरली आशा गेली. दर दोन-चार पावलांनी डावा खांदा खाली जात होता. घोडी वाकडी होऊन डावीकडं सरकायची, सावरायची, पुन्हा खचायची. तनुजा रडायला लागली. सुनीतीनं बॅग उघडली. बाटली तिच्या हाताला लागली, पण हात तिथंच थांबला. आजवर तिनं शेकडो लंगडी घोडी पाहिली होती. असं लंगडणारं एकही नाही.

"तनुजा, तू बस."

तनुजाचं वजन म्हाताऱ्यापेक्षा चार किलो जास्तच भरलं असतं. घोडी तिला घेऊन तरुण असल्यासारखी चालली. तिरकं पाऊल म्हणून नाही.

"आता परत आबांना बसव."

या वेळी सुनीती मागं उभी राहिली. घोडीचे पाय बघता बघता तिची नजर वर गेली. पाय घालायची डाव्या बाजूची रिकीब मोकळी होती. पावलागणिक ती घोडीच्या बरगडीवर आपटत होती आणि गेनबाचा डावा पाय रिकिबीच्या बाजूला नुसता लोंबत होता.

"आबा, थांबा. डावा पाय रिकिबीत घाला."

"घातलाय की," गेनबा म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. हट्टही करत नव्हता. सुनीती पुढं झाली, तिनं त्याच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवून घट्ट दाबलं. गेनबा घोडीच्या कानांकडं बघत राहिला. सुनीती घाबरली. इतक्या वर्षांच्या नोकरीत ती माणसाला हात लावून पहिल्यांदा घाबरली.

"तनुजा, गाडी काढ. मोठ्या दवाखान्यात फोन कर, अर्धांगवायूचा झटका आहे म्हणून सांग. परवाचा असणार. त्यांना स्वतःची डावी बाजूच कळत नाहीये."

तनुजा जागची हलली नाही. "पण टिकली लंगडतीये ना? आत्ता बघितलं आपण."

खोगिरावर गेनबा पुन्हा डावीकडं कलंडला. टिकलीनं डावा खांदा खाली घेतला, एक पाऊल त्याच्याखाली सरकली आणि म्हातारा सरळ झाला.

"लंगडत नाहीये," सुनीती म्हणाली. "परवापासून ती त्यांना पडू देत नाहीये."