डब्यामागचं झाड

बैस जरा, एक गंमत सांगतो. देशात नायट्रस ऑक्साइड वायू माणसामुळं किती निघतो आणि निसर्गातून किती, हे मोजणाऱ्या बाईंचा मी ड्रायव्हर. पार आत जंगलात, मातीतून निघणारा वायू पकडायला त्यांनी डबा बसवलाय. आज तिथला आकडा बघून बाई नाचायच्याच बाकी होत्या.

"काका, खत घातलेल्या शेतापेक्षा जास्त! इथं माणूस फिरकतसुद्धा नाही. उद्या मंत्र्यांना सांगते, दोष निसर्गाचाच."

परतताना मी सहज विचारलं, "खतातून कसा येतो हो तो?"

"युरियातून. लघवीत असतो ना, तोच."

वर्षभर बाई वहीत डोकं घालून बसल्या, की मी त्या डब्यामागच्याच झाडाआड जाऊन येतो.

तू शिकलेला आहेस बाबा. माझं नाव न घेता बाईंना तेवढा फोन कर ना.