आबांचा चाकू

“पातं डुगडुगतंय,” दत्तू म्हणाला आणि चाकू परत फडक्यावर ठेवला.

चाकूतलं धर्माला ओ की ठो कळत नव्हतं. काळाचौकीच्या त्यांच्या चाळीत घडीचा चाकू घ्यायचा म्हणजे दत्तूला सोबत न्यायचं, हे ठरलेलंच. लालबागच्या फुटपाथवर फडकं पसरून बसणारा लवू चाकूवाला दत्तूला लांबून येताना बघूनच कपाळाला हात लावायचा.

दत्तूची पारख मोठी बारीक. पातं उघडून तो आधी खिळ्याशी हलवून बघे. मिटताना पाठीची पट्टी टक्‌ करून बोलली पाहिजे. मिटल्यावर पातं मुठीच्या मधोमध बसलं पाहिजे, एका अंगाला घासता कामा नये. आणि शेवटी खिशातून सुताचा धागा निघे. अर्धं आयुष्य गिरणीच्या मागांवर गेलेलं, खिशात सूत नसेल तर नवल. धागा धारेवर टेकवायचा. अलगद तुटला तर चाकू पास, ओढून तुटला तर नापास.

त्या रविवारचा चाकू सगळ्यात पास होता. काळी शिंगाची मूठ, तिच्यावर तिरका गेलेला पांढरा पट्टा, आणि पातं तसूभरही हलत नव्हतं. एवढ्या स्वस्तात असला चाकू दत्तूने कित्येक वर्षांत बघितला नव्हता. तरी तो साफ खोटं बोलला, कारण चाकू मिळाला की धर्मा जाणार होता.

संप मिटला असं कुणी सांगितलं नाही, पण तो मिटला होता आणि गिरणीने या दोघांना परत घेतलं नव्हतं. दत्तू एका गोदामावर राखणदार झाला. धर्मा भायखळ्याच्या भाजीबाजारात ओझी वाहू लागला. त्याची बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. जेवण खानावळीत, त्यामुळे खोलीत साधी विळीसुद्धा नव्हती. गावाहून आबांचा, म्हणजे त्याच्या वडलांचा, निरोप आला होता: तिथे एकटा कशाला कुढतोस, कायमचा ये. येताना बाकी काही नको, आंब्याची कलमं बांधायला एक चांगला घडीचा चाकू आण. मुंबईचा चाकरमानी रिकाम्या हाताने गावी गेला तर वाडीत तोंड कसं दाखवणार? धर्माने सांगून टाकलं होतं, चाकू मिळाला की निघालो.

नको जाऊस, असं दत्तू म्हणू शकला असता. पण दोस्ताला असलं काही तोंडावर सांगायची सवय दोघांनाही नव्हती. त्यापेक्षा चाकू नापास करणं सोपं.

मग प्रत्येक रविवारी दोघे लालबागला जात. कुणाचा खिळा सैल निघे, कुणाची पट्टी मुकी. काळ्या मुठीचा चाकू पुढच्या खेपेला फडक्यावर नव्हता, तेव्हा दत्तूला सुटल्यासारखं झालं. परतताना इराण्याकडे एक चहा दोघांत व्हायचा. संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत बैठक जमे. धर्मा बाजारातून पेरू आणायचा. पूर्वी ते दोघे दातांनीच फोडून खात. हल्ली धर्मा खोलीतून छान पातळ फोडी करून, मीठ-तिखट लावून आणायचा. दत्तू त्या मिटक्या मारत खाई. हातात पैसा नव्हता, गिरणी गेली होती, आणि तरीही इतके सुखाचे रविवार त्याच्या वाट्याला पूर्वी कधी आले नव्हते.

“तुम्ही चाकू पारखताय की माणूस अडकवून ठेवताय?” तुळसाने, त्याच्या बायकोने, एकदा विचारलं. दत्तू तिच्यावर उखडला, कारण ती बरोबर बोलली होती.

श्रावणात गावचा रघु आला. कलमांचे दिवस संपत आले म्हणाला. धाकटा भाऊ उसन्या चाकूने कलमं बांधतोय, आबा त्याला शिव्या घालतायत आणि धर्माची वाट बघतायत. धर्मा मान खाली घालून ऐकत होता. म्हाताऱ्याचा मुलगा आपण एका खोटेपणावर बांधून ठेवलाय, याची त्या रात्री दत्तूला भारी लाज वाटली.

रविवारी तो धर्माला न सांगता एकटाच लालबागला गेला. त्याने काळ्या मुठीच्या चाकूची चौकशी केली.

“तो तर त्याच दिवशी गेला,” लवू म्हणाला. “तुमची पाठ फिरली न फिरली, गिऱ्हाईक हजर.” आणि तो गालात हसला. आपल्या पारखीला हसतोय, असं दत्तूला वाटलं. त्याने मुकाट्याने दुसरा चाकू निवडला. खिळा घट्ट, पट्टी बोलकी, पातं मधोमध, सूत अलगद तुटलेलं. या खेपेला त्याने काही लपवलं नाही.

संध्याकाळी धर्मा पिशवीत पेरू घेऊन आला. त्या दिवशी बाजारातून थेट गॅलरीतच आला होता. दत्तूने चाकू जमिनीवर ठेवला. चाकू हातात द्यायचा नसतो, भांडण होतं.

“घे. आबांना सांग, दत्तूने पारखलाय.” “उद्याची गाडी पकड.”

धर्माने चाकू उचलला. पातं उघडलं, मिटलं. पट्टी टक्‌ करून बोलली. पुन्हा उघडून त्याने ते खिळ्याशी धरून हलवलं, डोळा बारीक करून उजेडात बघितलं.

“पातं डुगडुगतंय,” धर्मा म्हणाला. “पुढच्या रविवारी दुसरा बघू.”

त्याने चाकू परत जमिनीवर ठेवला, पिशवीतला पेरू काढला, आणि सदऱ्याच्या खिशातून काळ्या मुठीचा, तिरक्या पांढऱ्या पट्ट्याचा चाकू काढून फोडी करायला घेतल्या.